सत्यवय

काळापुढे कोणाचं काही चालत नाही, असं माणूस हजारो वर्षं मानत आला. त्या समजुतीचा शेवट आपल्या राज्यात झाला, आणि तोही थुंकीच्या एका थेंबात. माणसाचं खरं वय सांगणारं यंत्र मराठी शास्त्रज्ञांनी घडवलं. कागदावरचं नव्हे, नातेवाइकांनी अंदाजाने सांगितलेलं नव्हे, शरीराने स्वतःपाशी जपून ठेवलेलं वय. मानवजातीच्या इतिहासातली ही घटना ज्या खोलीत घडली, तिथला पंखा त्या दिवशी बंद होता. आणि ती आपल्याकडे घडण्याचं कारण एवढंच होतं की परदेशी यंत्राच्या परवान्याची मुदत संपली होती आणि ती वाढवून मागणारी फाइल जीवशास्त्र विभागात कुणीतरी चहाच्या ट्रेखाली ठेवली होती.

या विभागाचे प्रमुख डॉ. दिगंबर उटगीकर. यंत्र त्यांचं. यंत्राला लागणारी थुंकी गोळा करायचं काम मात्र वृंदा खंदारे या मुलीचं. ती त्यांच्याकडे संशोधनाची एम.एस्सी. करत होती.

नेहमीच्या एम.एस्सी.ला तास असतात, पेपर असतात, गाइडं मिळतात. संशोधनाच्या एम.एस्सी.ला यातलं काही नसतं. एक विषय, एक मार्गदर्शक, शेवटी एक प्रबंध. विद्यार्थ्याने शोध स्वतः लावायचा असतो. कुठला शोध लागायला हवा, ते मार्गदर्शकाने आधीच सांगितलेलं असतं. वृंदाच्या आत्याला, कौसाबाईला, ही पदवी काही केल्या समजली नव्हती.

"परीक्षा न्हाई, वर्ग न्हाई. नुस्ती लोकाची थुकी गोळा करीत हिंडायची. ही कसली गं शाळा?"

"आत्या, ते संशोधन आहे."

"असंल बाई. हात धुऊन जेवायला बस."

आई आणि अप्पा गेल्यावर वृंदाला आत्यानेच वाढवलं होतं. आत्या गावच्या शाळेत पोषण आहार शिजवायची. एवढं मोठं पातेलं चुलाण्यावरून उतरवताना अलीकडे तिचा उजवा खांदा मधेच थांबायचा. मग ती पातेल्याशी बोलल्यासारखं काहीतरी पुटपुटायची आणि दुसऱ्यांदा जोर लावायची. पासष्ट पूर्ण झालेल्यांना सरकार वृद्धमान म्हणून दरमहा पैसे देत असे. ते सुरू झालं की पातेलं सोडायचं, हे तिचं ठरलेलं होतं. त्यापलीकडे तिला आयुष्याकडून काही नको होतं.

आता यंत्राबद्दल. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो. त्या धाग्यावर ठिकठिकाणी मिथाइलचे गट चिकटलेले असतात. मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. इतकी क्षुल्लक वस्तू की तिच्या नावाने कुणी कधी भांडलेलं नाही. पण हे गट कुलपांचं काम करतात. ज्या जनुकावर ते चिकटले ते साधारण बंद, जिथून सुटले ते चालू. माणूस जसा जगत जातो तशी काही ठिकाणची कुलपं वाढतात, काही ठिकाणची गळून पडतात, आणि ही अदलाबदल बऱ्यापैकी नियमाने होते. म्हणून कुलपांची नोंद घेतली की वय सांगता येतं.

मात्र यंत्राला ते आधी शिकवावं लागतं. ज्यांचं वय ठाऊक आहे अशा हजारो माणसांची थुंकी त्याला दाखवायची आणि सांगायचं, हा बावन्न वर्षांचा, ही सत्तर वर्षांची. यंत्र स्वतःहून हिशेब बसवतं, कुठल्या कुलपाला किती वजन द्यायचं ते ठरवतं. परदेशी यंत्र परदेशी माणसांवर शिकलेलं होतं. आपल्या माणसांपुढे ते गोंधळायचं. स्वदेशी यंत्राला स्वदेशी माणसं दाखवायची होती, आणि त्यासाठी वृंदा पहिलं वर्षभर जिल्ह्यात गावोगाव हिंडली. नळीत थुंकी, सोबत जन्मतारखेचा पुरावा. पुरावा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. दुसरं काही कुणाकडे नव्हतंच.

जन्मतारखांचा आलेख तिने काढला तेव्हा पडद्यावर सपाट मैदानात एकच मनोरा उभा राहिला. जिल्ह्यातले निम्म्याहून अधिक ज्येष्ठ नागरिक एक जूनला जन्मले होते.

"सर, हे असं कसं?"

उटगीकरांनी चष्मा कपाळावर चढवून मनोरा पाहिला. "ते आपलं स्थानिक वैशिष्ट्य आहे. तळटीप दे."

तिने तळटीप दिली.

एक जूनची माणसं आपल्याकडे कुणाला नवीन नाहीत. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला घेऊन यायचा. जन्म कधीचा, तर ज्या साली विहिरीत म्हैस पडली त्या साली. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला सांगायचे. पकडता आला की पोरगं सहाचं, तारीख एक जून. नाही आला तर पुढच्या वर्षी. उटगीकर स्वतः एक जूनचे. विभागातल्या चहाच्या वेळी हा किस्सा त्यांनी किती वेळा सांगितला असेल याची गणती नव्हती.

"मी म्हणजे काडी होतो काडी. घरात खायला होतं कुठे? हात जेमतेम टाळूपर्यंत जायचा. गुरुजी म्हणाले, पुढच्या साली आणा. पुढच्या सालीही तेच! तिसऱ्या वर्षी कान सापडला. गुरुजींनी लिहिलं, वय वर्षे सहा. मी आठाचा घोडा!"

"आणि आमचा चुलतभाऊ उलटा, सर," विभागाचे लिपिक वाघमोडे सांगायचे. "पाटलाचं पोर, दुधातुपातलं. पाच पूर्ण नव्हते तरी कान धरून उभा. वर्षभर आधीच रिटायर झाला बिचारा."

सगळे हसायचे. वृंदाही हसायची. खोलीत तीन डॉक्टरेट होत्या, आणि समोर भिंतीवर यंत्र कसं शिकतं त्याचा तक्ता टांगलेला होता.

यंत्राचा निकाल उत्तम आला. वृंदाने नवी माणसं घेतली, नवे दाखले घेतले, यंत्राचं उत्तर दाखल्याशी ताडून पाहिलं. जुळलं. मंत्रिमहोदयांनी यंत्राचं नाव सत्यवय ठेवलं. प्रबंध अजून टंकलेलाही नव्हता, तोवर शासन निर्णय निघाला: यापुढे सेवानिवृत्ती, वृद्धमान आणि ज्येष्ठांच्या सर्व सवलतींसाठी सत्यवय हेच वय. दाखले भरून माळ्यावर टाका.

निर्णयाचा पहिला लाभ खुद्द उटगीकरांना झाला. कागदावर ते चौसष्टचे होते, येत्या मे महिन्यात निवृत्त व्हायचे होते. यंत्राने त्यांना साठ ठरवलं. विभागात पेढे वाटले गेले. निरोप समारंभासाठी आणलेली शाल वाघमोडेंनी कपाटात परत ठेवली.

दुसरा लाभ आत्याला व्हायचा होता. तालुक्याच्या सेवा केंद्रात तिने नळीत थुंकायला नकार दिला, कारण चारचौघांत थुंकणं बरं दिसत नाही. मग ती पदर पुढे धरून थुंकली. काउंटरवरच्या पोराने नळी यंत्रात घातली.

"मावशी, एकसष्ट."

"कितीक?"

"एकसष्ट. चार वर्षांनी या."

"आरं, नीट बघ की लेकरा. फिरून थुकू का?"

"कितीदाही थुंका, आकडा तोच येतो. तब्येत चांगली आहे तुमची, खूश व्हा ना."

गल्लीतल्या बायकांना विषय मिळाला. "काय गं कौसा, नटी झालीस की! काय लावतीस तोंडाला?" आत्या दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी पातेलं उतरवताना खांदा अडला आणि निम्मी खिचडी ओट्यावर गेली.

वृंदा शनिवारी घरी आली तेव्हा आत्या खांद्याला तेल चोळत होती.

"आत्या, मशीन चुकत नाही. मी स्वतः तपासलंय."

"मंग बराबर असंल."

"पण अप्पा असते तर आज चौसष्टचे असते. ते सरकारी दवाखान्यात जन्मले होते, त्यांची नोंद पक्की आहे."

"व्हय. लई अडलं हुतं मायचं, गाडीत घालून नेलं."

"म्हणजे मशीनच्या हिशेबाने तू अप्पांपेक्षा तीन वर्षांनी लहान."

आत्याचा तेलाचा हात थांबला. "मंग त्येला कडंवर घेऊन कोन हिंडलं गं? मशीन?"

सोमवारी चहाला उटगीकरांनी काडीचा आणि घोड्याचा किस्सा सांगितला, वाघमोडेंनी चुलतभावाची जोड दिली, आणि या वेळी वृंदाच्या हातातला कप बशीवर आपटला.

तिला समजलं ते असं. लहानपणी पोटभर मिळालेलं पोर लवकर वाढतं, त्याचा हात पाचव्या वर्षीच कानाला पोचतो. कागदावर ते खऱ्यापेक्षा मोठं होतं. उपाशी पोराचा हात आठव्या, कधी दहाव्या वर्षी पोचतो. कागदावर ते खऱ्यापेक्षा लहान राहतं. आणि बालपणीची उपासमार डीएनएवर खुणा सोडते. काही ठिकाणची कुलपं तेव्हा जी बसतात ती जन्मभर तशीच राहतात. म्हातारपणी थुंकीतही ती सापडतात. यंत्रापुढे हजारो माणसं आली, ज्यांच्या अंगावर भुकेच्या खुणा होत्या आणि ज्यांच्या दाखल्यावर वय कमी लिहिलेलं होतं. यंत्र बिचारं प्रामाणिक. त्याने नियम बसवला: या खुणा दिसल्या की वय कमी करा. जास्त दिसल्या की जास्त कमी करा. भूक त्याला तारुण्य वाटली. पुढे वृंदाने ते दाखल्यांशीच ताडून पाहिलं, म्हणजे ज्यांनी चूक शिकवली त्यांनाच विचारलं की बरोबर शिकलंय का.

तिने शहरातली अशी माणसं शोधली ज्यांचा जन्म दवाखान्यात झाला होता आणि तारीख खरी होती. काही बंगल्यांतली, काही झोपडपट्टीतली. बंगल्यांतल्यांना यंत्राने वर्षभराने म्हातारं केलं. झोपडपट्टीतल्यांना चार-पाच वर्षांनी तरुण. ज्यांना पोटभर मिळालं त्यांना मान लवकर, ज्यांना नाही मिळालं त्यांनी अजून थोडं राबावं. वृंदाने प्रबंधाचं पाचवं प्रकरण नव्याने लिहिलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं.

उटगीकर काही मूर्ख नव्हते. त्यांनी ते एका बैठकीत वाचलं, मधेच एका समीकरणातली चूकही सुधारली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

वृंदा भांडायच्या तयारीने आली होती. ती उभीच राहिली.

"बस. सुंदर काम आहे. मला हे सुचायला हवं होतं. माझ्यावरच तर लिहिलंयस." ते हसले, पण चहाच्या वेळचं हसू नव्हतं ते. "फक्त जागा चुकली. हे पाचव्या प्रकरणात नको. शेवटी आपण 'पुढील संशोधनास वाव' लिहितो ना, तिथे दोन ओळी टाक. 'बालपणीच्या पोषणाचा परिणाम अभ्यासणे उद्बोधक ठरेल.' पुरे."

"सर, लोकांचं वृद्धमान अडलंय."

"लोकांचं की तुझ्या आत्याचं?"

वृंदा तेव्हा कुठे बसली.

"वाघमोडे सांगत होते. हे बघ, फेरतपासणी समिती आहे, तिचा अध्यक्ष मी. नमुना खराब होता, असा शेरा मारता येतो. आत्याचं वय मी अडुसष्ट करून देतो, पुढच्या महिन्यापासून सुरू. तुझी पदवी, मग सत्यवय केंद्रात जागा. कुणाचंच नुकसान नाही."

"बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं काय आपण नुकसान करतोय? ते झालेलंच आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी." त्यांनी प्रकरण तिच्याकडे सरकवलं. "माझंही झालेलं आहे, वृंदा. पहिल्यांदाच त्याचा काही उपयोग होतोय. एवढं तरी राहू दे मला."

तिला त्यांची दया आली, आणि त्या दयेचाच राग आला. पाचवं प्रकरण तिने जिथे होतं तिथे ठेवलं. आत्याला तिने हे काही सांगितलं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे, आत्याला कशाला त्रास, असा तिने विचार केला. शिकलेली माणसं असा विचार नेहमी करतात.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आल्या. रिवाजाप्रमाणे त्यांच्या राहण्याची, नाश्त्याची, श्रीफळाची सोय वृंदानेच केली. प्रबंध नाकारला जाणार याची तिला खात्री होती, तरी काजूकतली तिने चांगल्या दुकानातून आणली. परीक्षक सत्यवयाच्या राज्य समितीवरही होत्या. त्यांनी पाचवं प्रकरण उघडलं, वृंदाला तासभर उभं-आडवं विचारलं आणि अहवालात लिहिलं: अत्यंत महत्त्वाचे निरीक्षण, शासनाने तातडीने दखल घ्यावी. पदवी मंजूर. उटगीकरांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

आणि शासनाने खरोखरच दखल घेतली. वृंदाने एवढी वाईट शक्यता धरलीच नव्हती.

दुरुस्तीचा निर्णय दोन महिन्यांत निघाला. मसुदा उटगीकरांचा होता. अशा कामात त्यांच्याइतका अनुभवी माणूस दुसरा नव्हता. ज्या नागरिकांचे सत्यवय बालपणीच्या उपासमारीमुळे कमी दिसत असेल, त्यांना ते वाढवून मिळेल. दुरुस्ती ऐच्छिक आहे. कोणावरही सक्ती नाही. त्यामुळे उटगीकर साठचेच राहिले. ज्यांना दुरुस्ती हवी असेल त्यांनी बालपणी उपासमार झाल्याचा दाखला जोडावा. दाखला ज्या शाळेत प्रथम प्रवेश घेतला त्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या सहीचा असावा.

वृंदा निर्णयाची प्रत घेऊन गावी आली आणि तिने आत्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. यंत्र, खुणा, पाचवं प्रकरण. सरांनी काय देऊ केलं होतं तेही.

आत्या तांदूळ निवडत होती. "म्हंजे तवाच झालं असतं?"

"हो. पण फक्त तुझं, आत्या. बाकीच्यांचं नसतं झालं."

"आता बाकीच्यांचं झालं का?"

"अर्ज केला तर..."

"झालं का, ते इचारते मी."

"नाही."

आत्याने एक खडा उचलून बाजूला ठेवला. "मला इचारलं असतंस तर मी काय म्हनले असते, काय ठावं. कदाचित तुझ्यावानीच म्हनले असते. पर इचारायचं हुतंस. खांदा माझा हाय."

शाळेच्या मुख्याध्यापिका बोंदार्डे मॅडम तरुण होत्या, मायाळू होत्या, आणि आत्याच्या हातची खिचडी रोज खायच्या. त्यांनी लगेच लेटरहेड काढलं.

"मावशी, अहो, तुमच्यासाठी नाही तर कुणासाठी? नाव सांगा पूर्ण. कुठल्या साली आलात पहिलीत?"

"म्या कुठं आले पहिलीत? हिचा बाप लहान हुता, त्येला सांबाळाया घरी ठिवली."

बोंदार्डे मॅडमचं पेन वर राहिलं. "एकदाही नाव घातलं नव्हतं?"

"न्हाई."

"मग मी कसं लिहू, मावशी? पटावर जे नाही ते..."

"मॅडम, ज्यांना शाळाच मिळाली नाही ते जास्तच उपाशी असणार ना?" वृंदा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "पाचव्या प्रकरणात मी..."

"मला कळतंय हो. पण निर्णयात काय लिहिलंय ते बघा तुम्हीच."

"ऱ्हाऊ द्या," आत्या उठली. "भात लागंल खाली."

ती स्वयंपाकाच्या शेडकडे गेली. वृंदाने मदतीला हात पुढे केला तेव्हा आत्याने तो बाजूला सारला. रागाने नव्हे, एवढं गरम पातेलं सवय नसलेल्या माणसाने धरू नये म्हणून.

उन्हाळ्यात वृंदाला पदवी मिळाली आणि सत्यवय केंद्रात दुरुस्ती-अर्जांची छाननी करायला तिची नेमणूक झाली. विषयाची तिच्याएवढी जाणकार दुसरी कुणी नव्हती. अर्ज ढिगाने आले. शाळा बंद पडलेली, शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झालेली, नाव पटावर नसलेलं, मुख्याध्यापकांनी ऐकीव माहितीवर सही करायला नकार दिलेला. असे शेरे घेऊन ते परत जात.

पहिल्या वर्षी एकच अर्ज मंजूर झाला. अर्जदार एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होते. ज्येष्ठांसाठीच्या भूखंड योजनेत बसायला त्यांना दोन वर्षं कमी पडत होती. बालपणी उपासमार झाल्याच्या दाखल्यावर ते पहिलीत गेले त्या शाळेच्या, म्हणजे आता त्यांच्याच संस्थेच्या, मुख्याध्यापकांची सही होती. मंजुरीवर वृंदाने सही केली. कागदपत्रं पूर्ण होती.